गाडीखालचं प्लास्टिकचं कव्हर: काढायचं, बदलायचं की पत्रा मारायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. रोज कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून कागल एमआयडीसीला जाणं-येणं, आणि अधूनमधून गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला गावी. मागच्या फेरीत इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर पुढच्या कडेला फाटलं. वाटेत एका मिस्त्रींनी ते बायंडिंग तारेनं बांधून दिलं आणि आता सत्तरच्या पुढं गेलं की खालून फडफड ऐकू येते. त्यावर तुम्हाला तीन सल्ले मिळालेत. एक म्हणतो काढून टाका, दुसरा म्हणतो सगळा सेट नवा घाला, तिसरा म्हणतो उद्यमनगरात जाऊन लोखंडी पत्रा मारून घ्या. शेवटी तुम्ही विचारलंय, कंपन्या पैसे वाचवायलाच प्लास्टिक लावतात ना?

गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणं हे माझं रोजचं काम आहे. तिन्ही सल्ले देणाऱ्यांच्या म्हणण्यात काही ना काही तथ्य आहे. पण तिघंही ‘खालचं प्लास्टिक’ ही एकच वस्तू धरून बोलतायत, आणि गोंधळ तिथंच होतो. आजच्या गाडीखाली निदान तीन वेगळी प्लास्टिकं असतात आणि तिघांची कामं वेगळी. पहिलं इंजिन आणि गिअरबॉक्सखालचं कव्हर, ज्याला आपण अंडर गार्ड म्हणतो. दुसरं चाकाच्या वरच्या कमानीतलं लायनर. तिसरं, काही गाड्यांतच असतं, ते मधल्या फ्लोअरखाली दोन्ही बाजूंना लावलेलं सपाट पॅनेल. तुमचं फाटलंय ते पहिलं. म्हणून ‘सगळा सेट नवा घाला’ हा सल्ला मला ऐकताक्षणीच पटला नाही. जे फाटलंय तेवढंच बदलायचं.

आधी ‘काढून टाका’ या सल्ल्याचं बघू, कारण आपल्याकडं हाच सर्रास ऐकायला मिळतो. “काढा की वो ते, जुन्या गाड्यांना कुठं होतं?” हे वाक्य मी गिऱ्हाइकांकडूनही ऐकतो आणि मिस्त्रींकडूनही. मिस्त्रींची अडचण खरी आहे. साधं ऑइल बदलायचं तरी आठ-दहा स्क्रू आणि क्लिपा काढायच्या, परत बसवायच्या, आणि त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. जुन्या बऱ्याच गाड्यांना खाली काही नसायचं हेही खरं. पण त्या गाड्यांच्या खालच्या अंगाला आजच्याइतके सेन्सर आणि वायरिंगचे कनेक्टर नसायचे. आता क्रँक सेन्सर, ऑक्सिजन सेन्सरचे कनेक्टर, एसीचा कॉम्प्रेसर, फॅन बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, बऱ्याच मॉडेलांत अल्टरनेटरसुद्धा बराच खाली असतो. कव्हर नसलं की पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट बेल्टवर जातं. पट्टा ओला झाला की घसरतो, किंचाळतो. पाणी निदान वाळतं तरी. त्याच्याबरोबर जाणारी बारीक कच मात्र पुलीच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसते आणि काही महिन्यांनी बेअरिंग घरघरायला लागतं.

तुमचा रस्ता इथं महत्त्वाचा. गगनबावडा म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी एक. तिकडची तांबडी माती बारीक, पाण्यात विरघळल्यासारखी होते आणि फटीत शिरते. इकडच्या आमच्या काळ्या मातीचं उलटं, ती गोळा होऊन चिकटते. जून ते सप्टेंबर त्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीला इंजिनखाली कव्हर नको असं मी कधीच सांगणार नाही. हाच प्रश्न एखाद्यानं फक्त शहरात, कोरड्या ऋतूत, चाळीसच्या आत फिरणाऱ्या जुन्या गाडीबद्दल विचारला असता तर माझं उत्तर इतकं ठाम नसतं.

आता हवेचं. सपाट तळामुळं गाडी हवेतून सहज जाते, हे बरोबर. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. चाळीसवरून ऐंशीवर गेलात की तो चौपट होतो, आणि त्याच्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट. याचाच अर्थ, शाहूपुरी ते रंकाळा फिरताना या कव्हरानं पेट्रोल वाचतंय असं मानायचं कारण नाही. महामार्गावर पुणे किंवा बेळगावकडं सलग नव्वदनं जाताना थोडा फरक पडतो, तोही सगळी पॅनेल जागेवर असतील तर. तुमची कागलची धाव महामार्गाची आहे, म्हणून थोडा लाभ तुम्हाला मिळत असेल. केवळ त्यासाठी मात्र मी कुणाला कव्हर विकत घ्यायला लावणार नाही.

त्याहून मोठं काम थंडाव्याचं आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. रेडिएटरच्या पुढं हवेचा दाब जास्त आणि मागं-खाली कमी असेल तरच हवा जाळीतून ओढली जाते. खालचं कव्हर आणि रेडिएटरच्या बाजूच्या पातळ पट्ट्या हा फरक टिकवतात. त्या गायब झाल्या की गाडी उभी असताना इंजिनची गरम हवा खालून फिरून परत पुढं येते आणि एसीचा कंडेन्सर तीच ओढतो. मे महिन्यात सिग्नलला एसी गार करत नाही म्हणून गॅस भरून घेतलेल्या गाड्या माझ्याकडं येतात आणि खाली बघितलं तर पट्ट्याच नसतात. सगळ्या मॉडेलांत हा फरक सारखा जाणवत नाही, पण गॅस भरायच्या आधी खाली नजर टाकायला पैसे पडत नाहीत.

मग प्लास्टिकच का? स्वस्त पडतं म्हणून, हे उत्तराचा एक भाग आहेच. पण तेवढंच नाही. ही कव्हरं बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात, कधी त्यात काचेचे तंतू घातलेले. हे प्लास्टिक गंजत नाही, ऑइल सांडलं तरी लगेच खराब होत नाही, आणि मुख्य गुण असा की दगड लागला तर वाकून परत जागेवर येतं. त्याच फटक्यानं पातळ पत्र्याला पोचा पडतो आणि तो पोचा वर कशाला तरी टेकतो, मग खडखड सुरू.

दोषही सांगतो, कारण ते खरे आहेत आणि आपल्या भागात जास्त त्रास देतात.

पहिला दोष गळती लपण्याचा. पूर्वी सकाळी गाडी काढली की फरशीवर काळा डाग दिसायचा आणि माणूस सावध व्हायचा. आता ऑइल सील पाझरत असेल तर ते थेंब कव्हरावर साचतात, आणि कव्हराला आवाज शोषणारा फेल्ट लावलेला असेल तर त्यात मुरतात. जमीन कोरडी राहते आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होत जातं. म्हणून कव्हर असलेल्या गाडीच्या मालकानं डिपस्टिक महिन्यातून एकदा तरी बघितलीच पाहिजे. ऑइलनं भिजलेला फेल्ट धुऊन परत लावू नये, बदलावा. गरम इंजिनखाली तेलात भिजलेलं कापड ठेवणं धोक्याचं आहे.

दुसरा दोष चिखलाचा आणि पाचटाचा. कव्हराला पाणी निचरायला भोकं असतात, ती तांबड्या मातीनं बुजतात. मग वरच्या बाजूला ओली माती महिनोन्महिने बसून राहते आणि क्रॉसमेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या आडव्या लोखंडी तुळईच्या, वेल्डिंगला आणि बोल्टांना गंज धरतो. गळीत हंगामात ट्रॉलीतून पडलेला ऊस आणि पाचट रस्त्यावर असतंच. त्यातलं सुकं पाचट कव्हराच्या कडेतून आत जाऊन सायलेन्सरच्या बाजूला अडकतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालत्या गाडीत काहीशे अंश सेल्सिअस तापतो, तिथं सुकं गवत नको. उसाच्या फडाजवळ गाडी लावणाऱ्यांना उंदरांचा त्रासही याच जागेत होतो. कव्हराच्या वर ऊब असते, आडोसा असतो. घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. दिवाळीच्या आसपास कव्हर एकदा उघडून साफ केलं की या सगळ्याचा बंदोबस्त होतो.

तिसरा दोष क्लिपांचा. माझ्या मते फाटणाऱ्या बहुतेक कव्हरांचं मूळ इथं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कव्हर नवं असताना त्याला ठरलेल्या जागी बोल्ट आणि पुश क्लिपा असतात. पहिल्या-दुसऱ्या सर्व्हिसिंगला कुणीतरी क्लिप पेचकसनं उपटतो आणि तिचे पाय तुटतात. तीच तुटकी क्लिप परत दाबून ठेवली जाते. ती पहिल्या खड्ड्यात पडते. बोल्ट ज्यात बसतो तो पत्र्याचा स्पीड नट गंजतो, बोल्ट नुसताच फिरतो, मग तो कापून टाकला जातो. असं करत करत दहापैकी चार-पाच जागाच उरतात. तरीही कव्हर वर्षभर टिकेल, पण पुढची कड सुटली की खेळ संपला. पुढची कड वाऱ्याच्या तोंडावर असते. ती एकदा खाली लोंबली की महामार्गाच्या वेगात हवा आत भरते आणि कव्हर उलट्या छत्रीसारखं खाली ओढलं जातं. तुमची सत्तरनंतरची फडफड हीच आहे.

पुढची कड फाटण्याचं आणखी एक कारण पार्किंगचं. समोर दगड किंवा सिमेंटचा ठोकळा असतो, आपण गाडी पुढं घेतो, कव्हर वाकून त्याच्यावर चढतं, काहीच आवाज येत नाही. निघताना रिव्हर्स घेतला की तीच कड ठोकळ्याला अडकते आणि क्लिपांसकट ओढली जाते. घाटात फाटलं असं आपल्याला वाटतं, पण ते आधी पार्किंगमध्ये सुटलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये असे ठोकळे असतील तर चाक टेकायच्या एक हात आधीच थांबा.

म्हणून नवं कव्हर घेताना क्लिपांचा आणि स्पीड नटांचा पूर्ण संच त्याच दिवशी मागवा. बसवताना प्रत्येक बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावायला सांगा, पुढच्या वेळी तो सुखानं निघेल. पुढच्या कडेची एकही जागा रिकामी ठेवू नका.

आता दुरुस्ती शक्य आहे का? असू शकते. कव्हर काढून त्याची आतली बाजू बघा. तिथं प्लास्टिकचं नाव दोन-तीन रोमन अक्षरांत उठवलेलं असतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर ते गरम हवेच्या गननं, त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वापरून वेल्ड होतं. बंपर दुरुस्त करणारे कारागीर हे काम करतात. आधी चिरेच्या दोन्ही बाजू गरम स्टेपलनं टाचायच्या, मग आतल्या अंगानं कांडी भरायची. फेविक्विक, एम-सील यांच्या नादाला लागू नका. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाला गोंद धरतच नाही. वाळल्यावर पक्कं वाटतं आणि पहिल्या कंपनात पापुद्र्यासारखं सुटतं. बोल्टचं भोक फाटून मोठं झालं असेल तर दोन्ही बाजूंनी मोठा वॉशर घालून काम निभावतं. मात्र पुढच्या कडेचा तुकडाच गेला असेल, किंवा चीर ऑइल काढायच्या झडपेपर्यंत पोचली असेल, तर वेल्डिंगवर पैसे घालवू नका, नवं घ्या.

नवं घेताना ओरिजिनल की बाजारातलं, हा प्रश्न येईलच. बाजारातलं कव्हर सरसकट वाईट नसतं. घ्यायच्या आधी जुन्या कव्हरावर ठेवून बघा. भोकं जुळतात का, निचऱ्याची छिद्रं आहेत का, ऑइलच्या बोल्टखाली झडप आहे का, सायलेन्सरच्या बाजूला अॅल्युमिनियमचा उष्णतारोधक पत्रा लावायची सोय आहे का. हा शेवटचा पत्रा सायलेन्सरचं काम करताना काढला जातो आणि परत लावायचा राहतो. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं.

लोखंडी पत्र्याबद्दल लोकांना जिव्हाळा आहे, आणि कोल्हापुरात तो असणारच. उद्यमनगरात माप दिलं की पत्रा कापून, वाकवून, भोकं पाडून मिळतो. पण वजन बघा. अडीच फूट बाय दोन फुटांचा तीन मिलीचा लोखंडी पत्रा सुमारे अकरा किलो भरतो. तो कायमचा गाडीच्या नाकाखाली लटकणार. त्याला टेकायला क्रॉसमेंबर लागतो, म्हणजे दगडाचा फटका थेट तिथं जाणार. दाट बंद पत्रा असेल तर गिअरबॉक्सखालची हवा कोंडते. आणि सगळ्यात काळजीची गोष्ट अशी की अनेक गाड्यांत समोरून जबर धडक बसली तर इंजिन खाली सरकावं अशी रचना असते. घरगुती पत्रा त्या वाटेत आडवा येऊ शकतो. गाडीच्या बॉडीला नवी भोकं पाडून पत्रा बसवला तर गंजाला आणि वॉरंटीच्या वादाला दोन्हीला आमंत्रण.

तरीही पत्रा कुणाला लागतोच. ज्यांची गाडी रोज वीटभट्टीवर, फडात, दाजीपूरकडच्या कच्च्या वाटांवर जाते, त्यांच्या गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, प्लास्टिक वाचवू शकत नाही. चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर फटक्यानं थेट तडकतो. पत्र्याचा असेल तर आत दबतो, आणि आतली ऑइल ओढणारी जाळी तळाला टेकली की ऑइलचा दाब कमी होतो. ऑइलचा दिवा लागला आणि गाडी तशीच चालवली तर इंजिन गेलंच. अशांनी गाडीच्या कंपनीनं त्याच मॉडेलसाठी दिलेला गार्ड घ्यावा. नसेलच तर अॅल्युमिनियमचा करावा. तेवढ्याच मापाचा तो चार किलोच्या आत बसतो. निचऱ्याची आणि ऑइल काढायची भोकं ठेवून, मूळच्या बोल्टांवरच बसवून घ्यावा. तुमचा रस्ता घाटाचा असला तरी पक्का आहे. तुम्हाला पत्र्याची गरज मला दिसत नाही.

इलेक्ट्रिक गाडीवाले हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगेन, की तुमच्या गाडीखालचं बॅटरीचं कवच आणि हे प्लास्टिक या वेगळ्या वस्तू आहेत. तिथं कुठल्याही लोकल कारागिराला ड्रिल लावू देऊ नका, आणि खालून मोठा फटका बसला तर गाडी नीट चालत असली तरी कवच तपासून घ्या.

विम्याचं विचारलं नव्हतं, पण सेट बदलायला सांगणारे बहुधा ‘क्लेम करू’ असंही म्हणतात, म्हणून लिहितो. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, गाडी कितीही नवी असो. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये १००० रुपये स्वतः भरावे लागतात. समजा कव्हर ३००० रुपयांचं आहे. निम्मे गेले १५००, त्यातून हजार वजा, हाती पाचशे. वर तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, जातो, जो क्लेम न करता तीन वर्षं काढली असतील तर ३५ टक्के असतो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलेलं असलं तरी एवढ्या छोट्या कामासाठी बोनस घालवणं मला पटत नाही. चेंबर आणि रेडिएटरलाही मार असेल तर हिशेब बदलतो.

पुराबद्दलही सांगायलाच हवं. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. पुरानंतर ज्या गाड्या वरून धुऊन चालवल्या गेल्या, त्यांच्या कव्हरांच्या वर गाळ तसाच होता. गाळ ओलावा धरून ठेवतो आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, तक्रार येते ती दोन-तीन महिन्यांनी. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर आधी इंजिन चालू करायचं नाही, गाडी ओढून न्यायची, आणि खालची सगळी कव्हरं उतरवूनच धुवायची.

तर तुम्ही या आठवड्यात काय करायचं? पहिलं, ती बायंडिंग तार काढून टाका. कंपनानं तार प्लास्टिक करवतीसारखं कापते, आणि वर वायरिंगला घासली तर शॉर्ट होऊ शकतो. कव्हर लोंबत असेल तर नवं येईपर्यंत ते पूर्ण उतरवून ठेवा. पाऊस नसताना काही दिवस त्याच्याविना गाडी चालवायला हरकत नाही. लोंबतं कव्हर घेऊन महामार्गावर मात्र जाऊ नका, ते सुटून मागच्या दुचाकीवाल्याच्या चाकात गेलं तर काय होईल याचा विचार करा. दुसरं, कव्हर उतरलेलं आहे तोवर चेंबर, रेडिएटरची खालची कड आणि दोन्ही एक्सेलचे रबरी बूट टॉर्चनं बघून घ्या. ज्या फटक्यानं कव्हर फाटलं त्यानं आणखी काही दुखावलंय का हे आत्ताच कळेल. तिसरं, पुढची कड शाबूत असेल तर वेल्ड करून घ्या, नसेल तर फक्त इंजिनखालचं कव्हर आणि क्लिपांचा संच मागवा.

आणि पुढच्या वेळी ऑइल बदलताना गाडी खाली उतरण्याआधी लिफ्टखाली जाऊन उभे राहा, सगळ्या क्लिपा परत बसल्यात का ते मोजा. मिस्त्रींना कव्हर काढा-घालायचे वेगळे पैसे द्या, आधीच सांगून द्या. मग काम घाईत होत नाही.